श्रद्धेची शिदोरी : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की तीन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या विदुषीचे, दुसरे विधवांच्या कैवारी स्त्रीचे आणि तिसरे धर्मांतरामुळे पुणेकरांचा रोष ओढवून घेणाऱ्या बंडखोर बाईचे. तिन्ही खरी आहेत. मला मात्र चौथ्याच रमाबाईंविषयी लिहावेसे वाटते. पुढच्या महिन्याचे धान्य कोठून येणार याची शाश्वती नसताना शेकडो भुकेल्या मुलींना घरात घेणाऱ्या त्या रमाबाई.

त्यांची श्रद्धा समजून घ्यायची तर आधी त्यांची भूक समजून घ्यावी लागते. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीमंडळींचा विरोध पत्करला होता. पुढे अतिथी आणि विद्यार्थी यांच्या सरबराईत होते नव्हते ते सरले आणि पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागले. व्रतवैकल्ये, दानधर्म, उपवास यांत काही उणे नव्हते. तरी दुष्काळाने गाठलेच. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी हिंडत राहिले. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेण्याची पाळी या भावंडांवर आली. ज्या देवासाठी सर्व काही वेचले, त्याने आपल्या माणसांना का तारले नाही, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात तेव्हाच पेरला गेला असावा, असे मला वाटते.

१८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, कीर्ती झाली. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच वैधव्य आणि पदरी तान्ही मनोरमा! १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. तेथे मानाने व सुखाने आयुष्य काढणे अवघड नव्हते. अमेरिकेतही १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने मोठे नाव मिळवून दिले. हे सारे मागे टाकून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले.

सदनामागे बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे दहा वर्षांचे आर्थिक वचन होते. हे तेवढे ऐहिक आश्वासन. पण १८९३ मध्ये वादळ उठले. काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा आक्षेप आला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील या विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांची चिंता मला खोटी वाटत नाही. त्याचबरोबर, स्वतःच्या घरात स्वतःची उपासना लपवून करावी, हेही बाईंना मान्य होण्यासारखे नव्हते. लोकाश्रय गेला तो या पेचात.

खरी कसोटी १८९६ मध्ये आली. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. अमेरिकेचा पैसा सदनातल्या उच्चवर्णीय विधवांसाठी होता, दुष्काळातल्या वाटेल त्या जातीच्या पोरींसाठी नव्हता. शिवाय दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. हिशेबी माणूस घरी बसला असता. रमाबाई निघाल्या. स्वतःच्या आईबापांना गिळणारी भूक पुन्हा समोर पाहून त्यांना थांबवले नसावे. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही आणि बिऱ्हाड केडगावच्या माळावर हलले. तंबूत आणि झोपड्यांत जे सुरू झाले तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींचे पोट कशावर चालले? रमाबाईंचे उत्तर प्रार्थना हे होते. कोणत्याही एका मिशनचे ठरलेले वेतन वा अनुदान त्यांच्या पाठीशी नव्हते. देणग्या येत, त्यावर गाडा चाले. देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा समज आपल्यात फार आहे. केडगाव तो खोडून काढते. अमेरिकेची मदत आटेल हे ओळखून बाईंनी आधीच ती जमीन घेऊन फळझाडे लावली होती. १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेला जाऊन मदतीची नवी घडी बसवून आल्या. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, तेलाचा घाणा फिरला, मुलींच्या हातांनी छापखाना चालला. मग यात देवाचा भाग कोणता, असे कोणी विचारील. मला वाटते, जमाखर्च जुळण्याआधी दार उघडण्याचे धैर्य हा तो भाग. कष्ट दार उघडल्यावर येतात. दार उघडायला मात्र कष्टांपलीकडचा आधार लागतो.

हा आधार दुःखापासून वाचवणारा नव्हता. उतारवयात त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. सामान्य बाईला कळावे, एवढाच हट्ट. याच काळात, १९२१ मध्ये, त्यांच्या कार्याची वारस मनोरमा त्यांच्या आधी गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मागे स्वतःची अशी मालमत्ता नव्हती. होते ते केडगाव.

वडिलांची श्रद्धा आणि लेकीची श्रद्धा यांची तुलना करण्याचा मोह होतो. ती मी करणार नाही. दोघांनीही असेल ते देऊन टाकले, एवढे मला दिसते. अनंतशास्त्र्यांच्या दारातून अतिथी कधी उपाशी गेला नाही आणि त्यांच्या लेकीच्या दारातून दुष्काळातली पोर परत गेली नाही. आपण पदवीनंतर आधी नोकरी, मग घर, मग जमल्यास समाजकार्य अशी यादी मनाशी करीत असतो. रमाबाईंनी ही यादी उलटी वाचली. सर्वांना ते जमणार नाही, हे खरे. पण सुरक्षितता पुरी झाल्यावरच माणुसकी सुरू करायची असते, हा आपला सोयीचा सिद्धान्त त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.