होमी भाभांनी फुगे सोडले एका कामासाठी, उपयोगी पडले दुसऱ्याच!

कर्जत-खालापूरच्या माळावरून उन्हाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री वृश्चिक राशीचा विंचू झकास दिसतो. त्याच राशीत 'स्कॉर्पियस एक्स-१' आहे. क्ष-किरणांत पाहिलं, तर रात्रीच्या आकाशात एरवी त्याच्याइतकं तेजस्वी काहीच नाही. साध्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही आणि त्याचे क्ष-किरण वातावरणातच अडतात. ते पकडायचे तर उपकरण वर न्यावं लागतं.

भारतात ही वाट पाडली डॉ. होमी भाभांनी.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला गेले इंजिनीअर व्हायला आणि रमले भौतिकशास्त्रात. अवकाशातून येणारे विश्वकिरण हा त्यांचा विषय. १९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. बंगळूरला असताना त्यांनी विमानातून उपकरणं वर पाठवली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर उभी केली. मग आधी रबरी आणि पुढे प्लास्टिकचे मोठे फुगे आकाशात जाऊ लागले. यंत्रं आयती आणण्यापेक्षा आपल्या माणसांनी बनवावीत, हा त्यांचा आग्रह होता.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यात भाभा गेले. वय अवघं ५६.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून सोडलेल्या रॉकेटला नरतुरंग तारकासमूहात क्ष-किरणांचा एक नवा स्रोत सापडला. काही आठवडे तळपला आणि मावळला. असे पाहुणे येतात कुठून?

न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं. तो वायू भोवती चकतीसारखा साठत जातो. साठा हाताबाहेर गेला की वायू वेगाने आत कोसळतो, प्रचंड तापतो आणि क्ष-किरणांचा भडका उडतो. साठा संपला की पुन्हा अंधार. १९७५ मध्ये शृंगाश्व तारकासमूहात असाच एक स्रोत उजळला. जुन्या फोटोंत शोधलं, तर त्याचा आधीचा भडका १९१७ मधला निघाला. म्हणजे एकदा हुकलं की अख्खी पिढी वाट बघायची!

म्हणूनच इथे तयारीत असलेली माणसं लागतात. भाभांच्या संस्थेत ती होती. १९६८ मध्ये बी. व्ही. श्रीकंतन यांच्या गटाने हैदराबादहून फुगा सोडून स्कॉर्पियस एक्स-१ चे क्ष-किरण मोजले. २८ सप्टेंबर २०१५ ला 'ॲस्ट्रोसॅट' अवकाशात गेला. त्याची क्ष-किरण उपकरणं घडवण्यात टीआयएफआरचा मोठा वाटा होता, आणि त्यातलं इस्रोचं एक उपकरण खास अशा पाहुण्यांवर पाळत ठेवण्यासाठीच बसवलेलं होतं.