घण मारणारा कवी

फर्स्ट इयरला स्मिदीचा जॉब करताना आपण किती कुरकुर करतो! पण इ. स. तिसऱ्या शतकात चीनमध्ये एक मोठा कवी आवडीने लोखंड ठोकायचा. त्याचं नाव जी कांग. लाओ त्झू आणि च्वांग त्झू हे त्याने पुस्तकांतून केलेले गुरू. सहज, निसर्गासारखं जगावं ही त्यांची शिकवण त्याच्या कवितेत आणि सात तारांच्या ‘छिन’ या वाद्याच्या वादनात उतरली. सुरांत सुख-दुःख नसतं, ते ऐकणाऱ्याच्या मनात असतं, असं त्याने एका निबंधात मांडलं. म्हणूनच होस्टेलवर एकच गाणं लागतं, एक जण नाचतो आणि दुसरा घरच्या आठवणीने गप्प होतो!

शान ताव या मित्राने सरकारी नोकरी सुचवली, तर याने पत्र लिहून मैत्रीच तोडली. पुढे खोट्या आरोपात अडकलेल्या दुसऱ्या मित्राची बाजू घेतली, म्हणून इ. स. २६२ च्या सुमारास त्याला देहदंड झाला. तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी रदबदली केली असं सांगतात. उपयोग झाला नाही. मरण्यापूर्वी त्याने छिन मागवलं आणि शांतपणे वाजवलं. आपला लहान मुलगा मात्र त्याने शान तावच्याच भरवशावर सोडला.

मग मित्रांनो, ती मैत्री खरंच तुटली होती का?