पावले मोजणारे मास्तर



आज मी तुम्हांला एका शाळामास्तरांची गोष्ट सांगणार आहे. त्यांचे नाव पंडित नैनसिंग रावत. आमच्या वर्गात नकाशा टांगलेला आहे. त्यात हिमालयाच्या पलीकडे तिबेट दिसतो. गुरुजींनी सांगितले की १८६० सालच्या सुमारास इंग्रजांच्या नकाशात तो भाग बराचसा कोराच होता. तो भरायला हे मास्तर पायी गेले.

नैनसिंगांचा जन्म १८३० साली कुमाऊँच्या डोंगरात मिलम गावी झाला. आता ते गाव उत्तराखंड राज्यात आहे. गाव इतके उंचावर की थंडीत सगळी माणसे बिऱ्हाड घेऊन खाली उतरायची. तिथले लोक शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून घाट ओलांडायचे आणि तिबेटातून मीठ व लोकर आणायचे. नैनसिंग लहानपणी वडिलांबरोबर जायचे, म्हणून त्यांना तिबेटी भाषा येऊ लागली. पुढे ते मिलमच्या शाळेत मास्तर झाले. म्हणून त्यांना सगळे पंडित म्हणायचे.

त्या वेळी आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. परक्या माणसाला तिबेटात यायची बंदी होती. इंग्रज साहेब तर लगेच ओळखू आला असता. म्हणून १८६३ साली सर्व्हे खात्याने नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मानी सिंग यांना डेहराडूनला बोलावून शिकवले. चढ असो की उतार, पाऊल सारखेच पडले पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. मी पाटीवर भागाकार करून पाहिला. एक पाऊल साधारण साडेएकतीस इंच येते.

आता मजा ऐका. आमच्या आजीच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी आहेत. नैनसिंगांच्या माळेत मात्र १०० च मणी होते! शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. तिबेटी लोक हातात प्रार्थनेचे चक्र फिरवतात. त्याच्या आत प्रार्थनेचा कागद असतो. नैनसिंगांच्या चक्रात आकडे लिहायचे कागद होते. पेटीला चोरकप्पा होता. पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केला होता. तो भांड्यात ओतला की आरशासारखा होई आणि ताऱ्यांची उंची मोजता येई. उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळते, म्हणून उकळत्या पाण्यात तापमापक धरून ते जागेची उंची काढत.

१८६५ साली दोघे नेपाळात गेले. पण तिबेटच्या हद्दीवर किरोंगच्या नाक्यावरून त्यांना परत पाठवले. मानी सिंग दुसऱ्या वाटेने गेले. नैनसिंगांनी लडाखी माणसाचा वेश केला, खोटी वेणीसुद्धा लावली. एका व्यापाऱ्याने सोबत न्यायचे कबूल करून पैसे घेतले, पण तो आलाच नाही. मग नैनसिंग त्याच्या गावी, शाब्रूला, त्याच्या घरी जाऊन राहिले. त्या घरच्या माणसांनीच त्यांना पुढे जायला मदत केली. पुढे ते लडाखच्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालले. रात्री सगळे झोपले की हे तारे मोजायचे.

शिगात्से गावी त्यांना तांड्याबरोबर पंचेन लामांच्या दर्शनाला जावे लागले. लामांना माणसाच्या मनातले कळते असे लोक म्हणायचे, म्हणून नैनसिंग मनात फार घाबरले होते. बघतात तर लामा म्हणजे दहा-अकरा वर्षांचा मुलगा, माझ्याएवढाच! त्याने कुशल विचारले, चहा दिला आणि यांचा जीव भांड्यात पडला.

१८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. तिथे तीन महिने राहिले. पैसे संपले तेव्हा त्यांनी वाटेतल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरले होते. मास्तर ते मास्तरच! ल्हासात परवानगीशिवाय आलेल्या एका माणसाला मृत्युदंड दिलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी लगेच बिऱ्हाड बदलले. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी तर त्यांना ओळखलेच. पण त्यांनी कुणाला सांगितले नाही, उलट घड्याळ ठेवून घेऊन उसने पैसे दिले.

परत येईपर्यंत नैनसिंग सुमारे १२०० मैल चालले होते. म्हणजे जवळजवळ २५ लाख पावले, आणि सगळी मोजलेली. ल्हासा नकाशावर नेमके कुठे आहे हे त्यांच्यामुळे कळले. पुढे १८७४-७५ साली ते लेहहून ल्हासा आणि तिथून तवांगमार्गे आसामात उतरले. या प्रवासांनी त्यांची नजर अधू झाली. १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. २००४ साली आपल्या सरकारने त्यांचे तिकीट काढले.

मीपण वस्तीपासून शाळेपर्यंत पावले मोजली. पहिल्या दिवशी १४१२ झाली. दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी मित्राने हाक मारली आणि माझा आकडाच चुकला. तिसऱ्या दिवशी १३८० झाली. तेव्हा कळले की हे काम किती अवघड. नैनसिंगांना कुणी बोलायला आले की ते चक्र फिरवत जप करायला लागायचे. जप करणाऱ्याला कुणी मध्ये बोलवत नाही.

घरी ही गोष्ट सांगितली तर आजीला एक गोष्ट पटली नाही. ज्यांच्या घरी जेवायचे त्यांनाच खोटे नाव सांगायचे, हे काही बरे नाही, असे तिचे म्हणणे. मी रात्री पुष्कळ विचार केला. खरे सांगितले असते तर जीव गेला असता. पण आजीचेही खरेच आहे. नकाशा इंग्रजांना मिळाला आणि पदक नैनसिंगांना मिळाले. ज्यांनी अनोळखी माणसाला चुलीपाशी बसवले, त्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. ते नसते तर मास्तर पहिल्याच हिवाळ्यात वाटेत गारठले असते.

म्हणून मी दोन नमस्कार करतो. एक नैनसिंग मास्तरांना आणि एक त्या डोंगरातल्या घरांना.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या घरापासून शाळेपर्यंत पावले मोजा आणि आकडा मला सांगा. आपण सगळ्यांचा मिळून गावाचा नकाशा करू.

इयत्ता चौथी