लंडनची घाण गावाबाहेर काढणारा जोसेफ बॅझलजेट, आणि त्या घाणीचं पुढं काय झालं?

१८५८ चा उन्हाळा. टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली होती की काठावरच्या ब्रिटिश पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून लावावे लागले. कॉलऱ्याने त्याआधी हजारो लंडनकर मेले होते, तेव्हा कोणाला घाई नव्हती. खासदारांच्या नाकाशी वास आला आणि अठरा दिवसांत कायदा पास झाला. काम मिळालं जोसेफ बॅझलजेटला.

हा गडी १८१९ चा, नौदलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. रेल्वेच्या कामांत त्याने स्वतःला इतकं राबवलं की १८४७ मध्ये तब्येतच कोसळली. सावरल्यावर १८४९ मध्ये तो लंडनच्या गटार आयोगात लागला आणि १८५६ मध्ये शहराच्या नव्या बोर्डाचा मुख्य इंजिनियर झाला.

त्याची कल्पना सोपी होती. शहरातली गटारं नदीकडे उतरत होती. त्यांना आडवे, नदीला समांतर असे मोठे भुयारी नाले बांधायचे, म्हणजे मैलापाणी नदीत पडण्याआधीच अडवलं जाईल आणि उताराने पूर्वेकडे वाहील. जिथे उतार संपेल तिथे वाफेच्या पंपांनी ते वर उचलायचं. सुमारे १३२ किलोमीटरचे मुख्य नाले आणि ३१ कोटींहून जास्त विटा, असं हे काम. सिमेंटच्या दर्जावर त्याची कडक नजर असायची. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तो मुख्यतः पूर्व लंडनच्या ज्या भागाची जोडणी बाकी होती तिथे. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

बॅझलजेटला ‘सर’ पदवी मिळाली. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

पण सगळं मैलापाणी जात कुठे होतं? शहराच्या खालच्या अंगाला, उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस इथे. तिथे ते टाक्यांत साठवायचं आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचं. प्रक्रिया शून्य! समुद्राच्या आणखी जवळ सोडा, असं सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी आधीच सुचवलं होतं, पण त्याचा खर्च फार होता. टेम्समध्ये भरतीचं पाणी लंडनपर्यंत चढतं, त्यामुळे सोडलेली घाण थोडी थोडी परत यायची. शिवाय मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि मग मासे टिकत नाहीत.

३ सप्टेंबर १८७८ ला ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट नेमकी याच पट्ट्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. ६०० हून जास्त माणसं गेली. तासाभरापूर्वीच तिथे मैलापाणी सोडलेलं होतं. खालच्या गावांची तक्रार जुनी होती. नदीतल्या गाळाचा दोष आपल्या नाल्यांचा नाही, असं बोर्ड आणि बॅझलजेट सांगत आले होते. हे त्याच्या आयुष्यातलं फार अभिमानाचं पान नव्हे.

१८८२ मध्ये चौकशी आयोग बसला आणि बोर्डाला पद्धत बदलावी लागली. मैलापाण्यात चुना आणि लोहाचे क्षार घालायचे, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं नदीत सोडायचं. आजच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही पहिला टप्पा घन गाळ खाली बसवण्याचाच असतो. पाण्यात विरघळलेली घाण मात्र त्याने जात नाही. ती केंद्राच्या टाकीतच, हवा खेळवून, जिवाणूंकडून खाववायची पद्धत मँचेस्टरमध्ये १९१४ साली जगापुढे आली. म्हणजे नदीतला ऑक्सिजन ज्यात संपत होता, ते काम नदीत पोचण्याआधीच उरकायचं.

बॅझलजेटला ते पाहायला मिळालं नाही. १८८९ मध्ये तो निवृत्त झाला आणि १८९१ च्या मार्चमध्ये वारला. बेक्टनला साठलेला गाळ समुद्रात नेऊन टाकायला १८८७ मध्ये पहिलं जहाज आणलं, त्याला बोर्डाने नाव दिलं ‘बॅझलजेट’. गाळ समुद्रात टाकणं १९९८ पर्यंत चालू होतं.