जेम्स ग्रँट डफ : साताऱ्याचा कारभारी आणि मराठ्यांचा इतिहासकार (१७८९–१८५८)

मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा अभ्यास करताना जेम्स ग्रँट डफ या नावाशी आपली गाठ पडते ती बहुधा त्याच्यावरील टीकेच्या निमित्ताने. कीर्तने, राजवाडे, रानडे यांनी त्याच्या ग्रंथातील उणिवा दाखवल्या आणि त्या आपण परीक्षेपुरत्या पाठही करतो. मात्र हा ग्रंथ लिहिणारा माणूस मुळात इतिहासकार नव्हता, तर सातारा प्रांताचा कारभार पाहणारा एक तरुण लष्करी अधिकारी होता, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. त्याच्या ग्रंथाचे गुण आणि दोष हे दोन्ही साताऱ्याच्या कचेरीत जन्माला आले आहेत. म्हणून या पाठात त्याच्या चरित्राकडे आपण त्या कचेरीच्या बाजूने पाहणार आहोत.

जेम्स ग्रँटचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी स्कॉटलंडमधील बँफ येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला राहावयास गेली. तेथील मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. त्या काळात साधारण परिस्थितीतील स्कॉटिश मुलांना कंपनीची चाकरी हा उत्कर्षाचा एक ठरलेला मार्ग होता, आणि ग्रँटही विशीच्या आत मुंबईच्या सैन्यात दाखल झाला. १८०८ साली काठेवाडातील मालिया येथील गढीवरील हल्ल्यात त्याने धाडस दाखवले. पण त्याचे खरे वेगळेपण भाषेच्या अभ्यासात होते. तो फार्सीचा दुभाषा झाला. या गुणामुळेच पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरली.

१८१७ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजीरावाशी युद्ध सुरू झाले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. पेशव्यांचे राज्य कंपनीच्या ताब्यात जाईल, मात्र छत्रपतींसाठी एक लहान राज्य राखून ठेवले जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणीत असलेले प्रतापसिंह महाराज, त्यांच्या मातोश्री व भाऊ इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. त्यांच्याजवळ पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक झाली कॅप्टन ग्रँटची. महाराजांचे वय त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते, तर एजंटाने तिशीही गाठलेली नव्हती.

एल्फिन्स्टनने जिंकलेला मुलूख विभागून निवडक अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला होता. पुण्यास रॉबर्टसन, अहमदनगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज आणि कर्नाटकात चॅप्लिन. हे चौघेही कंपनीचा स्वतःचा मुलूख सांभाळत होते. ग्रँटचे काम वेगळे आणि अधिक नाजूक होते. त्याला दुसऱ्याच्या नावाने राज्य चालवून, ते राज्य त्या दुसऱ्याला चालवता येईल अशा स्थितीत आणून सोडायचे होते. हाताशी एक युरोपीय सहकारी आणि देशी पायदळाची एक तुकडी, आणि सभोवती नुकतीच शस्त्रे खाली ठेवलेला मुलूख. नवे काही फारसे आणू नये, असलेले मोडू नये, हे एल्फिन्स्टनचे धोरण होते. त्यामुळे पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार ही गावगाड्याची रचना कायम राहिली. तंटे पंचायतीकडे जात राहिले. बाजीरावाच्या अखेरच्या काळात महाल मक्त्याने देण्याची जी प्रथा बोकाळली होती आणि जिच्यामुळे रयत पिळून निघाली होती, ती मात्र बंद करणे भाग होते.

असे राज्य सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासमोर रोज कोणत्या प्रकारची माणसे येत असतील, याची कल्पना करून पाहा. कोणी पूर्वजांची सनद घेऊन येई, कोणी पाटीलकीच्या हिश्शावरून भांडत येई, कोणी इनाम जप्त झाल्याची तक्रार मांडी. प्रत्येक दाव्याचा निकाल लावण्यासाठी मागे जावे लागे, कधी शाहू महाराजांच्या काळापर्यंत, तर कधी आदिलशाहीपर्यंत. इतिहासाची गरज ग्रँटला अशी कामकाजातून भासली.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे चौथाईची वाटणी. बाळाजी विश्वनाथाच्या काळापासून चौथाईच्या उत्पन्नातील चतुर्थांश, म्हणजे शेकडा २५, राजबाबती म्हणून छत्रपतींकडे जाई. उरलेल्या ७५ चा मोकासा. त्यातूनही शेकडा ६ साहोत्रा पंत सचिवांकडे आणि शेकडा ३ नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीप्रमाणे कोणाला तरी दिला जाई. बाकी ६६ हा ऐन मोकासा सरदारांचा. सरदेशमुखी याहून निराळी. एकाच गावाच्या वसुलावर अशा चार-पाच धन्यांचे हक्क असत. हा गुंता ज्याला उलगडता आला नाही, त्याला साताऱ्याचा वसूलही करता आला नसता आणि मराठी सत्तेची घडणही कळली नसती. ग्रँटने आपल्या ग्रंथात आरंभीच गाव, वतन व हक्कदार यांची माहिती दिली आणि पुढे या वाटणीची सविस्तर फोड केली. तो भाग आजही उपयोगी पडतो, आणि माझ्या मते संपूर्ण ग्रंथात तोच सर्वांत टिकाऊ आहे.

२५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी आणि प्रतापसिंह महाराज यांच्यात तह झाला. कंपनीच्या वतीने ग्रँटने आणि महाराजांच्या वतीने विठ्ठलपंत फडणीस यांनी तो ठरवला. दक्षिणेस कृष्णा व वारणा, उत्तरेस नीरा व भीमा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूरकडील महाल, असा मुलूख महाराजांना आणि त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना निरंतर दिल्याचे त्यात लिहिले होते. मात्र बाहेरील कोणत्याही सत्तेशी वा सरदाराशी महाराजांनी कंपनीच्या परवानगीवाचून संबंध ठेवू नये, अशीही अट होती. पुढच्या वर्षी ग्रँटने भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा या जहागीरदारांशी करार केले. हे सर्व महाराजांचे मांडलिक, पण त्यांच्या हक्कांची हमी कंपनीची. एका जहागिरीवर दोन धनी ठेवणारी ही रचना १८२० साली सोयीची होती. तिचा परिणाम पुढे येईलच.

५ एप्रिल १८२२ रोजी राज्याचा अधिकार प्रत्यक्ष महाराजांकडे सोपवण्यात आला. स्वतः कागद वाचणारे, रोजनिशी ठेवणारे, कामात लक्ष घालणारे महाराज या जबाबदारीस पात्र होते, हे पुढील वर्षांत दिसून आले. ग्रँटची प्रकृती मात्र खचली होती. दिवसा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात इतिहासाची साधने गोळा करणे असा त्याचा क्रम चालला होता. साताऱ्याचे दप्तर, पुण्याचे पेशवे दप्तर, चिटणीसांच्या घरचे कागद, बखरी, फार्सी हस्तलिखिते, मुंबई व सुरतच्या वखारींची दप्तरे आणि गोव्याच्या पोर्तुगीज सरकारकडील नोंदी अशी साधने त्याने मिळवली. इतकी साधने एका माणसाला त्यापूर्वी कधीच खुली झाली नव्हती. याचे कारणही त्याची विद्वत्ता हे नसून त्याचा हुद्दा हेच होते. पराभूतांचे दप्तर जेत्याच्या हाती होते.

प्रकृतीमुळे त्याने हिंदुस्थान सोडला आणि स्कॉटलंडमध्ये राहून ग्रंथ पुरा केला. १८२५ मध्ये मातुल घराण्याकडून ईडनची मालमत्ता मिळाल्यावर त्याने आपल्या नावास डफ हे आडनाव जोडले. साताऱ्याच्या कागदपत्रांत त्यामुळे तो नेहमी ग्रँट असाच भेटतो. संदर्भ शोधताना हे ध्यानात ठेवावे. हस्तलिखित घेऊन तो प्रथम मरे या प्रसिद्ध प्रकाशकाकडे गेला. शीर्षकात मराठ्यांऐवजी मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे शब्द असावेत, अशी प्रकाशकाची इच्छा होती. ग्रँट डफने ती मानली नाही. १८२६ मध्ये लाँगमनकडून तीन खंड मराठ्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. एका परक्या अधिकाऱ्याने या नावाचा असा आग्रह धरावा, ही गोष्ट त्याच्यावरील टीका वाचताना विसरू नये.

१८३० च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी केलेले मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले आणि मराठी मुले आपलाच इतिहास या बखरीतून शिकू लागली. त्यांपैकी एका पिढीने मग प्रश्न विचारले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये विद्यार्थिदशेतच या बखरीवर परखड टीका वाचली. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या आधारे त्याच्या चुका दाखवल्या. रानड्यांनी १९०० साली मूळ गृहीतावरच घाव घातला. सह्याद्रीतील वाळलेल्या गवतास आग लागावी तसा मराठ्यांचा उदय ग्रँट डफला आकस्मिक वाटला होता. संतांनी घडवलेले लोकमानस, भाषा, धर्म यांचे धागे त्याला दिसले नाहीत. दिसले असते तरच आश्चर्य. त्याच्या कचेरीत सनद घेऊन येणारे येत, अभंग म्हणणारे येत नसत. त्याने जमवलेल्या हस्तलिखितांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या होत्या, पण पुढच्या अभ्यासकांच्या हाती त्या लागल्या नाहीत. कीर्तन्यांच्या पिढीची त्याच्याविरुद्धची ही तक्रार इतर टीकेपेक्षा कमी रास्त नव्हती.

ग्रंथावरील वाद असा चालू राहिला. साताऱ्याच्या राज्याच्या नशिबी मात्र वादापेक्षा वाईट काही होते. १८३० नंतर जहागिरींवरील हक्क कोणाचा, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात बेबनाव झाला. लंडनच्या संचालकांचा निर्णय महाराजांना अनुकूल असूनही तो त्यांना वेळेवर कळवला गेला नाही. पुढे तहातील परराज्यांशी संबंध न ठेवण्याच्या अटीचा भंग केल्याचा आरोप ठेवून १८३९ च्या सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. १८४७ मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. ज्या तहात निरंतर हा शब्द होता, त्यावर सही करणारा एजंट त्या वेळी स्कॉटलंडमध्ये हयात होता. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये खेटे घालून १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या सप्टेंबरात त्यांच्या मुलासह सतरा जणांना साताऱ्यात देहान्त शिक्षा झाली. त्यानंतर वर्षभराने, २३ सप्टेंबर १८५८ रोजी, ग्रँट डफ मरण पावला. सातारा तेव्हा इंग्रजी मुलखातील एक जिल्हा झाला होता आणि तेथे कलेक्टरची कचेरी भरत होती.