श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

आळंदीच्या महाद्वारात शिरताना आपण वारकरी थबकतो. आधी पायरीला हात, मग कपाळाला. ही हैबतबाबांची पायरी. कार्तिकीच्या सोहळ्याचा आरंभ हिच्याच पूजेने होतो. दरवर्षी माथा टेकतो, पण बाबांनी काय करून ठेवलं हे कितीजणांना ठाऊक असतं? म्हणून आज त्यांचे स्मरण करू.

बाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे पवार. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात दरोडेखोरांनी त्यांना लुटून गुहेत कोंडले, अशी हकीकत सांप्रदायात सांगतात. तिथे हरिपाठाखेरीज सोबतीला कोणी नव्हते. सुटका झाली तेव्हा बाबांनी घरची वाट सोडली व आळंदी गाठली. सरदारकी संपली, माउलींची चाकरी सुरू झाली.

वारी त्याआधीही होतीच. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबुवा यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तुकोबांच्या व माउलींच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीस जात. पुढे मानपानावरून कुरबुरी झाल्या, असे सांगतात. १८३२ च्या सुमारास बाबांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली.

आता खरी गोष्ट पाहा. बाबांना फौजेची शिस्त ठाऊक होती. मनात आणते तर सारे हुकूम स्वतःच सोडते. तसं त्यांनी केलं नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांकडे घोडे व तंबू यांची सेवा गेली. वासकर आदी फडकऱ्यांच्या साहाय्याने दिंड्यांचा व भजनाचा क्रम लागला. चोपदार, टाळकरी, विणेकरी, ज्याचे त्याचे काम ठरले. राजाश्रय मोडला, राज्ये बदलली. पण घोडे अजून अंकलीहून आळंदीस येतात आणि रथापुढे २७ दिंड्या आजही आपल्या क्रमानेच चालतात.

मुक्कामावरची समाजआरती आठवा. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हाच टाळ थांबतात. शिस्त एवढी कडक, पण गाऱ्हाण्याला तीत जागा आहे. कोणाचे तोंड दाबून हा सोहळा चाललेला नाही.

आम्हांस वाटते, वारी टिकली ती यामुळेच. एकट्याच्या मुठीत असती तर त्या मुठीबरोबरच गेली असती. वाटून दिली म्हणून वाढली.

आता आपल्याकडे पाहू. कुठल्या दिंडीत कोण पुढे, कोणाचा हार आधी, यावरून आपण रुसून बसतो. मान मागणारे पुष्कळ; पहाटे उठून पाणी भरणारे, चुलीपुढे बसणारे, म्हाताऱ्या वारकऱ्याचं गाठोडं उचलणारे किती? जुनी रीत चालवायची तर नव्या पोरांच्या हाती टाळ दिला पाहिजे. चुकेल, ताल सोडील, पण शेजारच्याचं ऐकून सावरेल. आपणही तसेच शिकलो ना?

सरदार होते, ते दारातली पायरी झाले. यंदा तिथे हात लावाल तेव्हा एक सेवा मागून घ्या.

रामकृष्णहरि.