हाय रुई: दरबारी रिवाज आणि राजसेवकाचें कर्तव्य

राजदरबाराचें वैभव लवाजम्यावरून मोजण्याची लोकांना सवय असते. पण ज्यांच्या जिवावर तो लवाजमा चालतो त्या अधिकाऱ्यांचा दिवस कसा जातो, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. चीनच्या मिंग घराण्याच्या अमदानींत पेकिंगचे अधिकारी उत्तररात्रींच उठत. पहाटेच्या अंधारांत ते राजवाड्याच्या दक्षिणेकडील मध्याह्न-द्वाराशीं जमत. नगारा वाजे, घंटा होई, आणि मुलकी अधिकारी पूर्वेच्या व लष्करी अधिकारी पश्चिमेच्या दरवाजानें आंत जात. कोणाचा दर्जा काय हें विचारण्याची गरजच नसे. मुलकी अंमलदाराच्या छातीवर त्याच्या श्रेणीचा पक्षी भरतकामानें काढलेला असे: पहिल्या श्रेणीस क्रौंच, सहाव्या श्रेणीस बगळा, लष्करी अंमलदारास पशु. रांगेंत कोण खोकला, कोण थुंकला, कोणाचें पाऊल चुकलें, हें टिपून ठेवण्यास स्वतंत्र अधिकारी असत. गुडघे टेकून कपाळ जमिनीस लावणें हा तर नित्याचाच नेम.

या रिवाजाला मुळांत अर्थ होता. राजानें प्रजेचीं कामें ऐकावीं आणि सेवकांनीं तीं नीट मांडावीं, यासाठीं ती शिस्त होती. ज्याजिंग बादशहाच्या कारकीर्दींत अर्थ गेला आणि रिवाज तेवढा उरला. १५२१ मध्यें गादीवर आलेल्या या राजानें १५२४ मध्यें, आपल्या जन्मदात्यास कोणता मान द्यावा या वादांत विरोध केला म्हणून, शंभरांहून अधिक अधिकाऱ्यांना दंडुक्यांनीं झोडपविलें. त्यांतले कित्येक मेले. १५४२ मध्यें वाड्यांतील दासींनीं झोपेंत त्याचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. तेव्हांपासून तो पश्चिमेच्या उद्यानांत राहावयास गेला आणि ताओ पंथाचीं अनुष्ठानें व अमरत्वाचीं औषधें यांतच गढला. मंत्र्यांची लायकी आतां हिरव्या कागदावर अलंकारिक प्रार्थना लिहिण्यावर ठरूं लागली. बादशहानें आवडत्या मंत्र्यांस ताओ पद्धतीचे शिरपेंच वांटले. हा दरबारी पोशाख नव्हे म्हणून शिया यान यानें तो घातला नाहीं. यान सुंग यानें घातला, आणि भक्तीखातर वर झिरझिरीत वस्त्रही गुंडाळलें. १५४८ मध्यें दुसरींच कारणें पुढें करून शिया यानचा शिरच्छेद झाला. यान सुंग पुढें चौदा वर्षें सत्तेवर होता.

हाय रुई जन्मला १५१४ मध्यें, साम्राज्याच्या अगदीं दक्षिणेच्या हायनान बेटावर. बाप लहानपणींच वारला. आईनें कडक शिस्तींत वाढविला. प्रांतिक परीक्षा तो उतरला, पण राजधानीची सर्वोच्च परीक्षा त्याला साधली नाहीं. म्हणून नानपिंग येथें शाळेवरील अध्यापकाची हलकी जागा पदरीं पडली. तेथें तपासणीस वरिष्ठ आले असतां त्याचे दोन्ही दुय्यम गुडघ्यांवर बसले आणि मध्यें हा एकटा उभा राहिला. त्यानें केवळ नमस्कार केला. आपल्या कचेरींत मी आपला ताबेदार, पण ही विद्येची जागा आहे, असें त्याचें म्हणणें होतें. त्या तिघांची आकृति लेखणी ठेवण्याच्या त्रिशिखरी घडवंचीसारखी दिसली म्हणून त्याला तेंच टोपणनांव पडलें. हा उद्दामपणा नव्हता हें ध्यानांत घ्यावें. त्यानें नियम मोडला नाहीं. नियम कोठें लागू होतो तेवढें पाहिलें.

१५५८ मध्यें तो छुन-आनचा न्यायाधीश झाला. आईच्या वाढदिवसाला त्यानें सव्वा शेरभर मांस विकत घेतलें, ही बातमी प्रांताच्या सर्वाधिकाऱ्यानें, हू त्सुंगश्येन यानें, नवल म्हणून इतरांस सांगितली! याच हूचा मुलगा प्रवासांत असतां सरबराईंत उणें पडलें म्हणून त्यानें डाकठाण्याच्या कारकुनास उलटा टांगला. हाय रुईनें त्याचें रुपें जप्त केलें आणि हूला कळविलें कीं, आपण तर खर्चिकपणास मनाई केली आहे, तेव्हां हा कोणी तोतयाच असला पाहिजे. वरिष्ठांच्या दौऱ्याचा खर्च अखेर कोणाच्या खिशांतून जातो, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

१५६४ मध्यें तो पेकिंगला महसूल खात्यांत आला. छातीवर सहाव्या श्रेणीचा बगळा होता, पण समोर दरबार भरविणारा राजा नव्हता. १५६५-६६ च्या हिंवाळ्यांत त्यानें थेट बादशहास निवेदन धाडलें: आपण कर्तव्य सोडलें आहे, अधिकारी लांचखाऊ झाले आहेत, आणि आपल्या कारकीर्दीच्या नांवावर कोटी करून लोक घरोघर खडखडाट झाल्याचें बोलतात. त्याआधीं त्यानें शवपेटी विकत आणली होती व बायकोचा निरोप घेतला होता. कागद वाचून बादशहानें तो जमिनीवर फेंकला. मग उचलून पुनः पुन्हां वाचला, आणि कित्येक महिने निकाल दिला नाहीं. अखेर हाय रुई कैदेंत पडला, फांशीची शिफारस झाली. मुख्य मंत्री श्यू ज्ये यानें रदबदली केली. अर्ज करण्याचा हक्क प्रत्येक अधिकाऱ्यास होता. अर्जदाराच्या मानेस मात्र कोणत्याही कायद्याचें संरक्षण नव्हतें, सारें एका माणसाच्या लहरीवर. १५६७ च्या जानेवारींत बादशहा वारला. तुरुंगाधिकाऱ्यानें मेजवानी दिली. ही शेवटचीच समजून हाय रुई स्वस्थपणें जेवला, आणि खरी बातमी कळतांच ओकून रात्रभर रडला. ज्याला त्यानें दूषण दिलें त्याचाच शोक!

१५६९ मध्यें तो सूचौ भागाचा सुभेदार झाला. तो येतो असें ऐकून लांचखाऊ अंमलदारांनीं राजीनामे दिले, श्रीमंतांनीं तांबडे दरवाजे काळे रंगविले. त्यानें वूसुंग नदीचा गाळ काढविला आणि बळकावलेल्या जमिनी परत देवविल्या. त्यांत ज्यानें जीव वांचविला त्या श्यू ज्येचें घराणेंही सुटलें नाहीं. येथें मात्र एक गोष्ट आम्हांस खटकते. संशयास्पद दाव्यांत मिळकतीचा प्रश्न असेल तर गरिबाच्या बाजूनें आणि मानमरातबाचा असेल तर बड्या घराच्या बाजूनें निकाल द्यावा, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. हेतु दयेचा असो कीं मर्यादेचा, पक्षकाराचा दर्जा पाहून दिलेला निकाल हा न्याय नव्हे. आणि नानपिंगला ताठ उभा राहिलेला माणूसही दर्जाच्या बेडींतून सुटला नव्हता, हें यावरून दिसतें. अर्ध्या वर्षांतच त्याच्यावर तक्रारी झाल्या आणि १५७० मध्यें त्याला घरीं बसावें लागलें.

पंधरा वर्षांनीं त्याला नानकिंगला बोलाविलें. लांचखाऊंची कातडी सोलण्याची जुनी शिक्षा आठवून देऊन त्यानें मित्रांसही दुरावलें. १५८७ मध्यें तो वारला, तेव्हां घरांत जाड्याभरड्या पडद्यांखेरीज व जुन्या वेताच्या पेट्यांखेरीज कांहीं सांपडलें नाहीं. वर्गणी काढून अंत्यविधि झाला. शव नावेनें निघालें त्या दिवशीं व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेविलीं, आणि दोन्ही कांठांवर पांढऱ्या वस्त्रांतील माणसांची रांग लागली. त्या रांगेंत दर्जा पाहणारा कोणी नव्हता.

१९६१ मध्यें इतिहासकार वू हान यानें त्याच्या बडतर्फीवर नाटक लिहून रंगभूमीवर आणलें. १९६५ मध्यें त्यावर राजकीय हल्ला झाला, आणि पुढच्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तेथें पडली. वू हान १९६९ मध्यें तुरुंगांत मेला. हायनानमधील हाय रुईचें थडगेंही त्या धामधुमींत फोडलें गेलें. तें पुढें पुन्हां बांधण्यांत आलें.